लॅटिन क्लबचा लिलाव

शाळा केव्हाच सुटली होती, पण वॉर्डेल हायस्कूल खरं जागं व्हायचं ते शाळा सुटल्यावरच. खालच्या मजल्यावर बँडवाले एकच ओळ पुन्हापुन्हा बडवत होते, जिममध्ये चेंडू आपटत होता आणि गृहशास्त्राच्या वर्गातून जळक्या केकचा वास जिन्यापर्यंत आला होता. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, लॅटिन क्लबची बैठक नुकतीच आटपली होती. मुलं बाकं सरकवत, एकमेकांना ढकलत खाली पळाली. ओनिता प्रुइट पुस्तकं गोळा करून निघणार, तेवढ्यात मिस ऑग्डेननी तिला हाक मारली.

"ओनिता, जरा थांबशील? आणि दार लोटून घे."

ओनितानं दार लोटलं आणि पुस्तकं खाली न ठेवताच ती टेबलासमोर उभी राहिली.

मिस ऑग्डेन त्या शाळेत इतकी वर्षं लॅटिन शिकवत होत्या की आत्ताच्या मुलांच्या आईबापांनीही त्यांच्याच हाताखाली रूपं घोकली होती. बाई मायाळू होत्या. आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जेवणावळीचं म्हणत होते. तुझं लॅटिन रॉजरपेक्षा कितीतरी चांगलं आहे, ते काही मी तुला सांगायला नको. तर स्वागताचं भाषण यंदा तू कर. आणि लिलावाचं रॉजर बघेल."

"भाषण बारावीचा कॉन्सल करतो, बाई, म्हणजे रॉजर. लिलाव अकरावीचा, म्हणजे मी."

"हो, पद्धत तशी आहे."

"मग?"

"पद्धत काय, बदलता येते."

बाईंनी टेबलावरचे खडू उगाच एका रेषेत लावले.

"कुणी काही म्हणालं का?" ओनितानं विचारलं.

"मुख्याध्यापकांना काही पालकांचे फोन आले. त्यांना वाटतं, ते जरा विचित्र दिसेल." मग घाईनं म्हणाल्या, "तुझ्याबद्दल कुणाचं काही नाही हं. सगळे तुझं कौतुकच करतात. तू समजूतदार मुलगी आहेस, तुला मी अजून काय सांगू."

समजूतदार. हा शब्द ओनिता पहिलीपासून ऐकत आली होती. पोहण्याच्या तलावावर काळ्या मुलांनी फक्त पाणी बदलायच्या आदल्या दिवशी यायचं, हे समजून घ्यायचं. शुक्रवारच्या नाचाला आपण सगळ्यांचे कोट सांभाळायचे आणि नाच रंगात आला की घरी जायचं, हे समजून घ्यायचं. तिनं ते सगळं समजून घेतलं होतं, कुणी शिकवल्याशिवाय, आणि म्हणून तर ती सगळ्यांना आवडायची. "बरं," एवढं म्हणून ती खोलीबाहेर पडली. जिना उतरताना तिनं पुस्तकं छातीशी आवळून धरली होती.

दर वसंतात लॅटिन क्लबची रोमन जेवणावळ व्हायची. शाळेच्या भोजनगृहात कागदाच्या द्राक्षवेली टांगायच्या, दारूऐवजी द्राक्षाचा रस प्यायचा, सगळ्यांनी चादरी गुंडाळून रोमन व्हायचं. क्लबात नव्यानं आलेली नववीची मुलं त्या रात्री गुलाम. त्यांनी वाढायचं, ताटं उचलायची, आणि शेवटी एकेकानं टेबलावर चढायचं. मग लिलाव. वरच्या वर्गातली मुलं क्लबनं छापलेल्या कागदी नाण्यांनी बोली लावायची, आणि ज्यानं विकत घेतलं त्याची पुस्तकं त्या गुलामानं दुसऱ्या दिवशी वाहायची, बूट पुसायचे, सांगेल तिथे गाणं म्हणायचं. गावभर त्याची चर्चा असायची. शाळेच्या वार्षिक अंकात फोटो यायचा. लिलाव पुकारणाऱ्याला हातात लाकडी हातोडा आणि तोंडात चावट विनोद लागायचे, आणि ते काम अकरावीच्या कॉन्सलचं. कॉन्सल म्हणजे अध्यक्ष. रोमन लोकांसारखे क्लबलाही दोन असायचे.

ओनिताला कॉन्सल केलं ते मुलांनीच, हात वर करून. त्यात उपकार नव्हते. निम्म्या क्लबच्या गृहपाठातली वाक्यं तीच लावून द्यायची. शिवाय लॅटिन क्लब हा एकच क्लब तिला परवडणारा होता. निळे स्वेटर घालून सामन्यांना ओरडणाऱ्या मुलींचा क्लब होता, पण त्यांच्या बैठका कुणाकुणाच्या दिवाणखान्यात व्हायच्या आणि त्या दिवाणखान्यांत ओनितासारखीनं मागच्या दारानंच जायचं असायचं. लॅटिन क्लब शाळेतच भरायचा.

शाळेच्या पायऱ्यांवर मार्लीन केसलर तिची वाट बघत होती. मार्लीन तिची मैत्रीण. सातवीपासून दोघी एका बाकावर. शाळा सुटल्यावर एल्म स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर जायच्या, तिथून मार्लीन टेकडीकडे वळायची आणि ओनिता रेल्वेचे रूळ ओलांडून खाली. मार्लीन कधी रुळांपलीकडे आली नव्हती आणि ओनिता कधी टेकडी चढली नव्हती.

"काय म्हणाल्या बाई?" मार्लीननं विचारलं, पण तिच्या तोंडावर उत्सुकता नव्हती.

"लिलाव रॉजर करणार म्हणे. लोकांचे फोन आले."

"अगं, मग बरंच झालं की. ते माकडचाळे कशाला करायचे तू? भाषण कर, छान दिसशील."

"भाषण मला दिलंय हे तुला कसं कळलं?"

मार्लीन चालता चालता थांबली. तिचे कान लाल झाले. ती गोरी होती, कान लाल झाले की लपत नसत.

"कुणी फोन केला, मार्लीन?"

"मला काय माहीत. खूप जणींनी केला असेल."

"तुझ्या आईनं केला?"

"तिचा काही वाईट हेतू नव्हता, ओनिता. खरंच. ती म्हणाली, तुझ्यासाठीच बरं नाही ते. लोक नावं ठेवतील तुला. आणि आमचा बिली यंदा नववीत आहे ना, तो टेबलावर उभा राहणार, तर तिला वाटलं..."

"काय वाटलं?"

मार्लीननं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बोल ना. काय वाटलं? मी बिलीला खरंच विकून टाकीन?"

"तू अशी बोलायला लागलीस ना की मला तुझ्याशी काही बोलताच येत नाही," मार्लीन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ते पाणी बघून ओनिता जास्तच चिडली. ज्यानं दुखवायचं त्यानंच रडायचं, आणि आपण समजूत घालायची. तिनं समजूत घातली नाही. एल्म स्ट्रीटचा कोपरा यायच्या आधीच ती रस्ता ओलांडून निघून गेली.

घरी आई मशीनवर बसली होती. हेस्टर प्रुइट गावातल्या बायकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची, आणि गेली दोन वर्षं लॅटिन क्लबच्या चादरींना काठ घालायचं कामही तिच्याकडेच होतं. पायाशी पांढऱ्या कापडाचा ढीग पडला होता.

ओनितानं सगळं सांगितलं. आईनं मशीन न थांबवता ऐकलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"बरोबर केलंस. भाषण तर भाषण. त्या हातोड्यात काय ठेवलंय? मला तर तो प्रकार पहिल्यापासून आवडत नाही. विकायचंच आहे तर पाव विका, केक विका."

"तुला काय माहीत तो प्रकार? तू कधी आली नाहीस."

"बोलावलं का कुणी मला?"

ओनिता ढिगाशेजारी जमिनीवर बसली. तिला बोलायचं नव्हतं, पण मिस ऑग्डेनच्या खोलीपासून जे मनात साचलं होतं ते आता आत राहीना.

"आई, नववीत मलाही विकलं होतं."

मशीन थांबलं.

"सगळ्यांना विकतात तसंच. मी चढले टेबलावर. तेव्हाचा कॉन्सल, तो उंच मुलगा, आता कॉलेजात गेलाय. तो म्हणाला, मंडळी, इतका वेळ नकली चालला होता, आता अस्सल माल आलाय, थेट कापसाच्या मळ्यावरून. सगळे हसले. पालक होते, ते हसले. मिस ऑग्डेननी तोंडावर रुमाल धरला होता, पण हसत होत्या. रॉजर व्हिटमरनं विकत घेतलं मला. त्यानं काही छळलं नाही. पुस्तकं वाहिली त्याची दिवसभर. संध्याकाळी त्यानं मला सोडा पाजला."

"आणि तू?"

"मी पण हसले."

आईनं खुर्ची तिच्याकडे वळवली. मग तिचा आवाज फुटला तो असा, की ओनितानं तो पूर्वी ऐकला नव्हता.

"दोन वर्षं. दोन वर्षं मी त्यांच्या चादरी शिवतेय, आणि तू माझ्यासमोर बसून जेवतेस आणि मला सांगत नाहीस?"

"काय करणार होतीस तू?"

"काय करणार होते ते माझं मी बघितलं असतं. माझी आजी केंटकीत गुलाम म्हणून विकली गेली होती, ओनिता. पोरवयात, तिच्या आईसमोर. मी तिच्या मांडीवर वाढलेय. ती म्हातारी झाली तरी कुणी परका माणूस तिच्याकडे टक लावून बघायला लागला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. का, तर विकताना तिचे दात तपासले होते. आणि या लोकांची ती गंमत." आईनं सुईखालची चादर ओढून काढली. दोरा तटकन तुटला. "आणि ती टॉलिव्हरांची लूला? ती यंदा गेली ना त्या क्लबात? तूच घेऊन गेलीस ना तिला?"

लूला टॉलिव्हर त्यांच्याच चर्चची, नववीतली, चुणचुणीत पोर. ओनितानंच तिला लॅटिन घ्यायला लावलं होतं. लूला यंदा टेबलावर चढणार होती आणि त्याबद्दल कुणाचा कुणाला फोन गेला नव्हता. गेल्या दोन तासांत ओनिताच्याही डोक्यात ते आलं नव्हतं, आणि ते कळल्यावर तिला स्वतःचा असा राग आला की कान तापले.

आईनं चादरींचा ढीग, शिवलेल्या आणि न शिवलेल्या सगळ्या, एका पिशवीत कोंबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कचेरीत नेऊन ठेवला. "होत नाही माझ्याच्यानं," एवढंच ती तिथल्या कारकून बाईला म्हणाली.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी ओनिताला बोलावून घेतलं. मिस्टर ट्रूस्डेल मोठ्या अंगाचे, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"मिस ऑग्डेन म्हणाल्या, तू नाराज आहेस. तुला नेमकं काय हवंय, ओनिता?"

"माझी पाळी आहे, सर. ती हवी."

"म्हणजे तू गोऱ्या मुलांना टेबलावर उभं करून विकणार. त्यांच्या आईवडिलांसमोर."

"नववीच्या मुलांना विकणार, सर. दर वर्षी विकतात तसं."

"हे बघ, यात कुणाच्याच मनात काही वाईट नाही. ही रोमची गोष्ट आहे. इतिहास आहे. त्याचा इथल्या कशाशी संबंध नाही."

"मग हातोडा माझ्या हातात असला तरी रोमच असेल ना, सर?"

ट्रूस्डेलांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं काहीतरी विझलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला.

"तुझे वडील काचेच्या कारखान्यात ना? भट्टीवर. चांगला माणूस. त्यांचे मॅनेजर आणि मी एकाच चर्चमध्ये जातो." ते जरा थांबले. "त्यांना उगाच काही ऐकून घ्यावं लागू नये, असं मला वाटतं. तुलाही वाटत असेल."

ओनिताला वाटलं, हा माणूस आपल्याला धमकी देतोय आणि त्याला स्वतःला वाटतंय की आपण काळजी करतोय.

"आणि लूला टॉलिव्हर, सर? तिला विकणार?"

"कोण?" ट्रूस्डेल म्हणाले. मग आठवल्यासारखं करून, "हो, म्हणजे, तिला वगळलं तर तिला वाईट नाही का वाटणार?"

ती भाषण करीन म्हणाली आणि बाहेर आली. आठवडाभर ती वर्गात बोलली नाही, जेवणाच्या सुट्टीत एकटी बसली, आणि भाषणाची वाक्यं इतकी घोटली की झोपेतही त्यांची रूपं चालू राहिली. लूलाला तिनं गाठून सांगितलं, त्या टेबलावर चढू नकोस. लूलानं डोळे वटारले.

"का? सगळे चढतात. तू नाही का चढलीस?"

"म्हणून तर सांगतेय."

"मला कोण घेणार ते पण ठरलंय. चिअरलीडर आहे ती, निळ्या स्वेटरवाली. ती मला तिच्या टेबलावर जेवायला बसवणार आहे दुसऱ्या दिवशी. तू कॉन्सल झालीस, फोटो आला तुझा. आता मी कुठे जरा काही करतेय तर तुला बघवत नाही."

जेवणावळीच्या संध्याकाळी भोजनगृह फुलून गेलं होतं. चादरी दुसऱ्या कुणीतरी घाईघाईनं शिवल्या होत्या, काठ वाकडे होते. भिंतीला लागून पालकांच्या खुर्च्या. ओनितानं भाषण केलं. एकही शब्द अडखळला नाही. अर्थ फार थोड्यांना कळला, पण टाळ्या भरपूर पडल्या, आणि मार्लीनची आई शेजारणीला म्हणाली तेही तिला ऐकू आलं: "किती गोड बोलते नाही?" अगदी मागच्या ओळीत चर्चला जायची निळी टोपी घालून आई बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

चिकन झालं, ॲपल पाय झाला, आणि रॉजर व्हिटमर हातोडा घेऊन पुढे आला. एकेक मूल टेबलावर चढू लागलं. रॉजरला विनोद नीट जमत नव्हते, पण लोक हसायच्या तयारीनंच आले होते. बिली केसलरनं दंड फुगवून दाखवले तेव्हा त्याच्या बापानं शिट्टी मारली. मग लूलाचं नाव आलं. लूला पटकन वर चढली, चादर सावरली, आणि हसत उभी राहिली.

रॉजर अडखळला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की काय बोलावं ते त्यानं ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात मागून कुणीतरी, मुलाचाच आवाज होता, ओरडलं, "अस्सल आहे ही." आणि हशा पिकला. फार मोठा नव्हे. सवयीचा हशा.

ओनिता उठल्याचं तिला स्वतःलाही कळलं नाही. ती मुख्य टेबलावरून पुढे आली आणि लूलाचा हात धरला.

"खाली ये."

"सोड," लूला दातओठ खात पुटपुटली. "सोड मला. सगळे बघताहेत."

"ओनिता," रॉजर हळूच म्हणाला, "अगं गंमत आहे ही."

तिनं लूलाचा हात सोडला आणि खुर्च्यांकडे वळली. आवाज कापत होता, पण तो भीतीनं कापत नव्हता, आणि समोरच्यांना तेही कळत होतं.

"दोन वर्षांपूर्वी मी याच टेबलावर उभी होते. तेव्हाही असंच कुणीतरी म्हणालं. तुम्ही हसलात. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. यंदा लिलाव करायची पाळी माझी होती. क्लबनं मला निवडलं होतं. तेव्हा कुणाला हसू आलं नाही. तेव्हा तुम्ही फोन केलेत. मला विकलं तर गंमत, आणि मी विकलं तर ते शोभत नाही. ज्यांनी फोन केले त्यांनी मला हे समोरासमोर सांगावं. मी इथेच उभी आहे."

कुणी उठलं नाही. मिस ऑग्डेननी डोळे मिटून घेतले होते. मार्लीन आपल्या ताटाकडे बघत होती. एका बाईनं पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि ती बराच वेळ शोधत राहिली. मग ट्रूस्डेल टाळी वाजवत पुढे झाले आणि म्हणाले, मंडळी, आइस्क्रीम वितळतंय, संगीत लावा कुणीतरी. पण संगीत लावणारा मुलगा तोंड उघडं टाकून बसला होता.

टेबलावर लूला तशीच उभी होती. तिच्यावर कुणी बोली लावली नाही, तिला कुणी उतरही म्हणालं नाही. शेवटी ती स्वतःच उतरली आणि जाताना ओनिताच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "मी तुला कधी माफ करणार नाही." मग चादर ओढत मुदपाकखान्यात निघून गेली.

आई मागून चालत पुढे आली, सगळ्या खोलीतून, आणि ओनिताचा कोट तिच्या खांद्यावर टाकला. दोघी बाहेर पडल्या. रूळ ओलांडून घराच्या रस्त्याला लागल्या.

"मला वाटलं होतं, तू नुसती उठून निघून येशील," आई म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं."

"तुझ्या बाबांना मी सांगते. तू मध्ये बोलू नकोस."

बाबांनी ऐकून घेतलं. ते रागावले, पण भलत्याच गोष्टीवरून. "मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले. "पाळी बदलून घेतली असती. मी पण आलो असतो." पुढच्या आठवड्यात कारखान्यानं त्यांना कायमची रात्रपाळी दिली. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. ते दिवसा झोपायला शिकले, आणि त्याबद्दल घरात पुन्हा बोलले नाहीत.

ट्रूस्डेलांनी ओनिताला सांगितलं की पालकांसमोर क्लबची बदनामी केल्याबद्दल तिनं बैठकीत उभं राहून माफी मागावी, मग सगळं विसरून जाऊ. तिनं नाही म्हटलं. तिचं कॉन्सलपद काढून घेतलं आणि उरलेले महिने रॉजर एकटाच कॉन्सल राहिला. त्यानं एकदा तिला गाठून सांगितलं की त्याला हे मुळीच आवडलं नाही. "मग तसं बैठकीत सांग," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली. सांगितलं मात्र नाही.

मार्लीननं तिला कपाटांपाशी अडवलं. "तू माझ्या आईची सगळ्यांदेखत शोभा केलीस."

"मी तिचं नावही घेतलं नाही."

"सगळ्यांना कळलं."

"का कळलं? तिनंच सगळ्यांना सांगितलं असेल, म्हणून. फोन केल्याचं लपवण्यासारखं वाटलं नाही तिला."

मार्लीननं बाक बदललं. पहिले काही दिवस ओनिताला ती रिकामी बाजू सलत राहिली, मग तिथे ती कोट ठेवायला लागली.

लॅटिनचा वर्ग मात्र तिनं सोडला नाही. पहिल्या बाकावर बसायची, विचारलं तेवढं उत्तर द्यायची, जास्त एक शब्द नाही. एके दिवशी तास संपल्यावर मिस ऑग्डेन तिच्या बाकाशी आल्या. या खेपेला त्यांनी दार लोटायला सांगितलं नाही.

"तू म्हणालीस ना, तुझ्या वेळेला कुणीतरी तसं बोललं होतं," त्या म्हणाल्या. "मी आठवायचा फार प्रयत्न केला. मला ते आठवत नाही, ओनिता. खरंच आठवत नाही."

"तुम्ही हसलात, बाई. रुमाल धरला होता तोंडावर."

बाईंचा चेहरा पडला. म्हातारी बाई एकदम फार म्हातारी दिसली. ओनिताला क्षणभर वाटलं, काहीतरी बरं बोलावं, बाईंना सोडवावं. तोंडापर्यंत आलंही. पण तिनं पुस्तकं उचलली आणि बाईंना तशाच उभ्या ठेवून ती पुढच्या तासाला गेली. बाईंना आठवत नव्हतं, याचा राग तिला त्या हसल्या होत्या त्याहूनही जास्त आला होता.

पुढच्या वसंतात लिलाव झाला नाही. मिस ऑग्डेननी तो बंद केला आणि कारण विचारणाऱ्यांना सांगितलं की वेळ पुरत नाही. शाळेत सगळे म्हणत, त्या प्रुइटच्या पोरीमुळे मजा गेली. ओनिताच्या पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत.

लूला टॉलिव्हर क्लबात राहिली. वर्ष उलटलं तरी ती ओनिताशी बोलत नव्हती, चर्चमध्येही तोंड फिरवायची. मग परीक्षेआधी एका दुपारी ती प्रुइटांच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. हातात लॅटिनचं पुस्तक होतं. ओनिता शेंगा सोलत बसली होती.

"ती चिअरलीडर त्यानंतर माझ्याशी एकदाही बोलली नाही," लूला म्हणाली. "तुझ्यामुळे."

"असेल."

"मी अजून चिडलेय तुझ्यावर."

"चीड की."

लूला तिथेच घुटमळली. आतलं मशीन बंद होतं. बाबा झोपले होते म्हणून दोघी हळू आवाजात बोलत होत्या, आणि हळू आवाजात भांडणं अवघड जातं म्हणून लूला जास्तच वैतागली होती.

"हे तिसऱ्या गणातलं क्रियापद भविष्यकाळात असं का बदलतं?" शेवटी तिनं विचारलं. "बाई सांगतात, पण मला कळत नाही. आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं नाहीये मला."

ओनितानं शेंगांचं टोपलं बाजूला सरकवलं आणि हात पुसले.

"बस," ती म्हणाली. "आधी वर्तमानकाळ म्हणून दाखव."